प्रतिसाद: क्लिफ्टनचा पूल खरंच ब्रुनेलचा का?

वर कुणीतरी इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा क्लिफ्टन झुलता पूल ‘ब्रुनेलने बांधला’ असं लिहिलंय. ब्रुनेल म्हणजे तिथला नामवंत अभियंता. अर्धं बरोबर आहे. आराखडा त्याचाच, १८३१चा. पण त्याच वर्षी ब्रिस्टलमध्ये दंगली पेटल्या, काम थांबलं. १८३६ला पुन्हा सुरू झालं आणि १८४३च्या सुमारास पैसेच संपले. दरीच्या दोन्ही काठांना नुसते मनोरे उभे. तयार लोखंड विकून टाकलं! ब्रुनेल १८५९ला गेला, तोवर पूल नव्हताच.

मग लंडनमधला ब्रुनेलचाच हंगरफर्ड झुलता पूल रेल्वेसाठी पाडला गेला आणि त्याच्या साखळ्या इथे आणल्या. हॉकशॉ आणि बार्लो या अभियंत्यांनी आराखडा बदलून काम पुरं केलं. दोनाऐवजी प्रत्येक बाजूला तीन साखळ्या, डेक (पुलावरचा रस्ता) अधिक रुंद आणि भक्कम. उद्घाटन ८ डिसेंबर १८६४ला. मनोऱ्यांना इजिप्शियन नक्षी आणि वर स्फिंक्स द्यायचे होते, ते पैशांअभावी राहून गेले. मला विचाराल तर बरंच झालं, तो ओबडधोबड दगडच शोभतो.

‘साखळी’ म्हणजे विहिरीच्या पोहऱ्याची कडी-कडी नव्हे हं. लांब चपट्या लोखंडी पट्ट्या, टोकांना भोकं, त्यातून जाड खिळे. मनोऱ्याच्या माथ्यावर त्या फिरत्या रोलरांवर बसवलेल्या खोगिरावरून, म्हणजे खोगिराच्या आकाराच्या आधारावरून जातात, म्हणजे ऊन-थंडीने किंवा वजनाने साखळी सरकली तरी मनोरा ओढला जात नाही. पुढे ती खडकातल्या बोगद्यात रोवलेली. मधला गाळा, म्हणजे दोन मनोऱ्यांमधलं अंतर, २१४ मीटर.