रेडिएशनमध्ये तोंड आलंय: गुळणी कशाची, मध चालेल का, शेक थांबवायचे का?

शेवंती

सासरे, वय ६२, वजन ५८ किलो, मधुमेहाच्या गोळ्या चालू. डाव्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय. आता रेडिएशनचे ३० शेक, एकूण ६० ग्रे (रेडिएशनच्या डोसचं एकक), आणि आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन या किमोच्या औषधाचं सलाईन. काल अकरावा शेक झाला. दोन दिवसांपासून गाल आतून लालभडक आहे, दोन पांढरट चट्टे दिसतात. चपाती बंद झाली, मऊ खिचडी जाते.

घरात प्रत्येकाचं मत वेगळं: तुरटीच्या गुळण्या, हळद-मध, बर्फ, मेडिकलमधला गुलाबी माउथवॉश. काकांचं म्हणणं, तोंड बरं होईपर्यंत आठवडाभर शेक थांबवा. यातलं नक्की काय करायचं?

कडुनिंब

शेवंती, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: घरच्या घरी शेक थांबवू नका. खंड पडला की उरलेल्या कॅन्सरपेशींना वाढायला वेळ मिळतो, आणि तो खंड नंतर नीटसा भरून निघत नाही. थांबवायचा निर्णय फक्त रेडिएशनच्या डॉक्टरांचा.

हे नेमकं आत्ताच का झालं, तेही समजून घ्या. तोंडाच्या आतली त्वचा एक-दोन आठवड्यांत नवी होत असते. शेकाने खालच्या नव्या पेशी तयार होणं मंदावतं, वरच्या मात्र झिजत राहतात. म्हणून २० ग्रेच्या आसपास, म्हणजे दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी, तोंड येतं. पुढचे तीन-चार आठवडे ते वाढणार आणि शेवटचा शेक झाल्यावरही दोन ते चार आठवडे राहणार. घरच्यांना हे आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर शेक संपल्यावर 'अजून बरं कसं नाही' म्हणून सगळे घाबरतात.

गुळणी: एक लिटर उकळून कोमट केलेलं पाणी, त्यात एक सपाट छोटा चमचा मीठ आणि एक सपाट छोटा चमचा खायचा सोडा. धुण्याचा सोडा, पापडखार, बेकिंग पावडर यांपैकी काहीही नको. धुण्याच्या सोड्याने तोंड भाजतं. दिवसा दर दोन तासांनी आणि प्रत्येक खाण्यानंतर अर्धा मिनिट तोंडात खळबळवून थुंकायचं, गिळायचं नाही. उरलेलं रात्री फेकून सकाळी नवं करायचं. या पाण्याने चट्टे बरे होत नाहीत, पण चिकट लाळ सुटते, अन्नकण निघतात आणि तोंड ओलं राहतं. जोरात चूळ भरली की नाजूक जागा सोलवटते, म्हणून हळूच.

तुरटी नको, तिने तोंड आक्रसतं आणि कोरडं पडतं. बोरोग्लिसरीनही त्याच कारणाने टाळा. बर्फाचा उपयोग ठरावीक किमोत होतो. फाइव्ह-एफयू या किमोच्या औषधाचं इंजेक्शन एकदम शिरेत देतात, तेव्हा पाच मिनिटं आधीपासून अर्धा तास बर्फ चघळला की तोंडातला रक्तपुरवठा तेवढ्यापुरता कमी होतो आणि औषध तिथे कमी पोचतं. शेकाने आलेलं तोंड त्याने टळत नाही. नुसतं बरं वाटावं म्हणून थंड घोट घ्यायला हरकत नाही.

दंतमंजुषा

गुलाबी माउथवॉश म्हणजे बहुधा क्लोरहेक्सिडीन, जंतू मारणारं औषध. डोक्या-मानेच्या शेकात तोंड येऊ नये म्हणून तो वापरू नये, असंच तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्यात अल्कोहोल असेल तर तो झोंबतो ते वेगळंच. त्याऐवजी डॉक्टरांना बेंझिडामाइन ०.१५ टक्के या वेदना कमी करणाऱ्या माउथवॉशबद्दल विचारा: १५ मिली, अर्धा मिनिट, दिवसातून चार-पाच वेळा. झोंबला तर निम्मं पाणी घालायचं. खरं तर पहिल्या शेकापासूनच तो सुरू करायला हवा, पण अजूनही वेदना कमी करायला उपयोगी पडतो.

पांढरे चट्टे खरवडून पाहू नका. मधुमेह आणि कमी लाळ असली की बुरशी लवकर धरते. ती ओळखून क्लोट्रिमाझोल किंवा फ्लुकोनाझोल द्यायचं की हा नुसता शेकाचा थर आहे, हे डॉक्टरांनी बघूनच ठरवायचं.

मधाला आधार आहे. अभ्यासांमध्ये शेकाआधी १५ मिनिटं, नंतर १५ मिनिटं आणि सहा तासांनी २० मिली मध तोंडात फिरवून हळूहळू गिळायला दिला होता. पण मधुमेहात दिवसाला ६० मिली मध म्हणजे साखर नक्की चढणार, आणि लाळ कमी असताना दातही किडणार. तुमच्याकडे तो नको. हळद घालून तर नकोच, कच्च्या जागेवर ती चरचरते.

मऊ ब्रश, लहान मुलांची सौम्य फ्लोराइड पेस्ट. ब्रशही सोसेनासा झाला तर ओल्या गॉजने पुसा. कवळी असेल तर फक्त जेवताना. आत्ता दात हलत असेल तरी परस्पर काढू नका. दात काढायचे ते शेक सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी. नंतर काढले की जबड्याच्या हाडाची जखम न भरण्याचा धोका असतो. आणि तोंड उघडण्याचा व्यायाम रोज. दुखतंय म्हणून आठवडाभर जबडा बंद ठेवला की तो आखडतो. तंबाखू, मिश्री, सुपारी पूर्ण बंद.

शेवंती

मध आणि तुरटी आजपासून बंद. दुखण्यासाठी घरातली डायक्लोफिनॅकची गोळी दिली तर?

कडुनिंब

नाही! सिस्प्लॅटिनने मूत्रपिंडांवर आधीच ताण असतो, त्यात डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घातक ठरतं. डॉक्टर पॅरासिटामॉल, पुढे ट्रामाडॉल, गरज पडली तर मॉर्फिन देतात. मॉर्फिनला घाबरू नका, फक्त त्याबरोबर पोट साफ होण्याचं औषध मागून घ्या. गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, म्हणजे घास जातो. लिग्नोकेनचं (जागा बधिर करणारं) जेल दिलं असेल तर कापसाने फक्त दुखऱ्या जागेवर लावा. घसा बधिर असताना जेवलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, आणि गाल चावला तरी कळत नाही.

मुगडाळ

आहाराचं सांगते. ५८ किलोंना रोज साधारण १७०० ते १८०० कॅलरी आणि ७० ते ८५ ग्रॅम प्रथिनं हवीत. पातळ पेजेवर हे भागत नाही, आणि वजन नेमकं तिथेच घसरतं. मऊ खिचडी मिक्सरमधून काढून त्यात दोन चमचे तूप, मऊ शिजवलेलं अंडं (सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं), दुधात दूध पावडर, नाचणीची बिनसाखरेची खीर, मऊ पनीर. आंबील नको, आंबट झोंबतं. चिंच, कोकम, टोमॅटो, लोणचं, ठेचा, भाकरीची कड, कडक टोस्ट सगळं बाजूला. अन्न कोमट किंवा गार द्या. तीन जेवणांऐवजी सहा-सात वेळा, वाटी-वाटीने. पाणी मोजून द्या, सिस्प्लॅटिन चालू असताना ते कमी पडून चालत नाही. खाणं निम्म्यावर आलं की मधुमेहाच्या त्याच गोळ्यांनी साखर एकदम उतरू शकते, म्हणून डोस डॉक्टरांना विचारून घ्या.

दर सोमवारी त्याच काट्यावर वजन करा. महिन्यात तीन किलो उतरलं किंवा पातळसुद्धा गिळवेना, तर नाकातून नळी घालायची वेळ आली असं समजा. ती आठ दिवस टाळल्याने शेक बुडतात, वेळेत घातली तर पूर्ण होतात.

ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर, तोंडातून थांबत नसलेलं रक्त, किंवा दिवसभरात लघवी अगदी कमी: यातलं काहीही झालं तर पुढच्या शेकाच्या वेळेपर्यंत थांबू नका, रात्र असली तरी त्याच रुग्णालयात फोन करून निघा. फाइल आणि चालू औषधांची यादी एका पिशवीत दाराजवळ तयार ठेवा.