केबिनमधील दाब कमी होत असल्याचे प्रशिक्षित वैमानिकांच्या लक्षात का येत नाही?

प्रश्न

नमस्कार. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसमधील लार्नाकाहून अथेन्सकडे निघालेल्या हेलिऑस एअरवेजच्या बोइंग ७३७ विमानाच्या अपघाताविषयी सध्या वाचतो आहे. केबिनमधील दाबाचा स्विच ‘ऑटो’ऐवजी ‘मॅन्युअल’वर राहिला, विमान वर चढत गेले तशी आतली हवा विरळ होत गेली आणि अखेर इंधन संपून ते ग्रीसमधील ग्रामातिको गावाजवळच्या टेकड्यांवर कोसळले. विमानातील १२१ जणांपैकी कोणीही वाचले नाही. एखादा स्विच चुकीच्या जागी राहू शकतो, हे मी समजू शकतो. पण भोंगा वाजला, दिवे लागले, प्रवाशांचे ऑक्सिजन मास्क खाली आले, तरीही दोन वैमानिक विमान वर का नेत राहिले, हे काही केल्या उमगत नाही.

प्रतिसाद १

तुमचा प्रश्न अगदी नेमका आहे. आदल्या रात्री दाबाच्या गळतीची चाचणी घेताना तो स्विच ‘मॅन्युअल’वर नेला होता. उड्डाणपूर्व तपासणीत, इंजिन सुरू करण्याआधीच्या चेकलिस्टमध्ये आणि उड्डाणानंतरच्या चेकलिस्टमध्ये, असा तीन वेळा तो नजरेतून सुटला. स्विच ‘मॅन्युअल’वर असल्याचे दाखवणारा दिवा हिरवा असतो आणि कॉकपिटमध्ये हिरवा दिवा दिसला की सारे ठीक आहे असे मानण्याची डोळ्यांना सवय असते, हेही इथे विसरू नये.

पुढचा घोटाळा भोंग्याचा. केबिनमधील हवा १०,००० फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ झाली की थांबून थांबून भोंगा वाजतो. उड्डाणाच्या वेळी फ्लॅप (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) वगैरे योग्य स्थितीत नसले तरीही ७३७ मध्ये नेमका हाच भोंगा वाजत असे. हा दुसरा इशारा फक्त जमिनीवर मिळतो, म्हणजे हवेत वाजलेल्या भोंग्याचा अर्थ एकच उरतो. परंतु जमिनीवरचा इशारा सरावात अनेकदा ऐकलेला असतो, तर दाबाचा इशारा प्रत्यक्षात जवळजवळ कधीच ऐकलेला नसतो. त्यातच उपकरणांना थंड ठेवणारी हवा विरळ झाल्यामुळे त्या यंत्रणेचे दिवे लागले आणि कॅप्टन कंपनीच्या अभियंत्याशी त्याविषयीच बोलत राहिले. अभियंत्याने दाबाच्या पॅनेलबद्दल विचारले, तेव्हा कॅप्टननी उलट त्या थंड ठेवणाऱ्या यंत्रणेचे सर्किट ब्रेकर कुठे आहेत, असे विचारले.

प्रतिसाद २

वरील विवेचन बरोबर आहे, पण त्यात मेंदूची बाजू राहून गेली. प्रशिक्षणात मी कमी दाबाच्या कक्षात बसलो आहे. २५,००० फुटांइतक्या विरळ हवेत मास्क काढायला लावून प्रशिक्षकांनी मला शंभरातून सात-सात वजा करत उत्तरे कागदावर लिहायला सांगितली. घुसमट नाही, वेदना नाही. उलट मन हलके झाले होते आणि आपले सारे बरोबर चालले आहे अशी माझी पक्की खात्री होती. मास्क पुन्हा चढवल्यावर कागद पाहिला, तर ८६ नंतर ७६, मग पुन्हा ७६ आणि त्याखाली नुसत्या रेघोट्या होत्या. त्या उंचीवर माणूस साधारण तीन ते पाच मिनिटे शुद्धीवर राहून काही करू शकतो, ३५,००० फुटांवर जेमतेम अर्धा ते एक मिनिट.

म्हणून ‘त्यांना कळले कसे नाही?’ असे विचारताना हे ध्यानात घ्यावे की ज्या बुद्धीने चूक ओळखायची, तीच सर्वांत आधी मंदावते, आणि ती मंदावल्याचे स्वतःला जाणवत नाही.

प्रतिसाद ३

ही चूक केवळ त्या एका स्विचपुरती नाही. केबिनमध्ये दाब निर्माण करणारी हवा इंजिनांमधून घेतली जाते आणि तिचे स्विच बंद राहिले तरी तोच प्रसंग ओढवतो. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबईहून जयपूरला निघालेल्या विमानात असेच घडले आणि कित्येक प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आले. विमान वेळीच परतले म्हणून निभावले. त्याच वर्षी जुलैमध्ये हाँगकाँगहून दालियनला जाणाऱ्या एअर चायनाच्या विमानात सहवैमानिक ई-सिगारेट ओढत होता. धूर केबिनमध्ये जाऊ नये म्हणून तो हवा फिरवणारा पंखा बंद करायला गेला आणि चुकून त्याने केबिनमध्ये हवा सोडणारे वातानुकूलनाचे संच बंद केले. मास्क खाली आले, विमान १०,००० फुटांपर्यंत उतरवले, इथवर ठीक. पण चूक सापडल्यावर ते पुन्हा वर चढवून प्रवास पुढे चालू ठेवला. प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन बहुधा बारा मिनिटांच्या आसपासच पुरतो आणि एकदा सुरू झालेले त्याचे रासायनिक संच पुन्हा वापरता येत नाहीत. दाब दुसऱ्यांदा गेला असता, तर त्या प्रवाशांजवळ काय उरले होते? माझ्या मते पहिल्या चुकीपेक्षा हा निर्णय अधिक गंभीर होता.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. त्या भोंग्यात पुढे काही बदल केला गेला का?

प्रतिसाद १

भोंग्यासोबत दोन वेगळे दिवे बसवण्यात आले, एक केबिनच्या दाबासाठी आणि दुसरा उड्डाणपूर्व स्थितीसाठी. अमेरिकेच्या नियामकांनी ते ७३७ विमानांना बंधनकारक केले. वैमानिकांनी काय करायचे, तो क्रम मात्र पूर्वीपासून ठरलेला आहे: हवेत भोंगा वाजताच दोघांनी आधी स्वतःचे मास्क चढवायचे, एकमेकांचा आवाज ऐकू येतो याची खात्री करायची आणि मगच दाबाच्या पॅनेलकडे पाहायचे.