अनुभव धागा: स्पॅनिशमधला पहिला विनोद कधी कळला?

शेवंती, परभणी
सकाळी घारग्यांसाठी लाल भोपळा किसत होते. लेक गणिताच्या चाचणीचा पेपर घेऊन आली तर सासूबाई खाटेवरूनच म्हणाल्या, "भोपळा नाही ना गं मिळाला?" आणि मला एकदम 2011 सालचा पुण्यातला स्पॅनिशचा वर्ग आठवला. किसणी तशीच हातात राहिली.

वर्गात एका मुलाबद्दल मॅडम म्हणाल्या, 'ले दिएरोन कालाबासास'. शब्दशः, त्याला भोपळे दिले. बाकीचे विचारात पडले, मी मात्र लगेच म्हटलं, नापास झाला! मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, तोही अर्थ आहे, पण इथं मुलीनं त्याला नकार दिलाय. म्हणजे तिकडं परीक्षेतही भोपळा आणि प्रेमातही भोपळा. परभणीच्या पोरीला भोपळ्याचा अर्थ शिकवावा लागत नाही हे मला त्या दिवशी कळलं आणि भाषेची भीती गेली ती गेलीच.

मॅडम दर शुक्रवारी पुस्तक मिटून एक 'चिस्ते' सांगायच्या, म्हणजे विनोद. त्यातला हा: एक मासा दुसऱ्या माशाला काय म्हणतो? 'नादा.' नादा म्हणजे काहीच नाही. आणि नादा म्हणजे 'पोह' सुद्धा! तोपर्यंत मी प्रत्येक वाक्य आधी मराठीत आणायची, मग समजून घ्यायची. या वेळी आधी हसू आलं, अर्थ मागून आला. क्रियापदांचे तक्ते मी सहा महिने घोकले होते, पण भाषा माझी झाली ती त्या माशामुळं असं मला मनापासून वाटतं.

तुम्हीही सांगा. बोलीतले शब्द, कोट्या, म्हणी, गोंधळ, काहीही चालेल.

बोरकूट
माशाला नाश्त्याला काय आवडतं? पोहे 😄 घ्या, मराठीत पण झाला.

शेवंती, परभणी
बोरकूट, अहो किती सुंदर!! मला इतक्या वर्षांत सुचलं नाही हे.

लेणीवाट
मी वेरूळला पर्यटकांना लेणी दाखवतो. स्पॅनिश अर्धी पुस्तकातून शिकलो, अर्धी पाहुण्यांकडून. सोळा नंबरच्या लेणीत, म्हणजे कैलासात, माणसं आत आली की मी दोन मिनिटं काहीच बोलत नाही. आधी बघू देतो. मग सांगतो की हे बांधलेलं नाही, आठव्या शतकात एकाच खडकातून वरून खाली कोरत आणलंय, कळस आधी आणि पाया शेवटी.

एकदा एक बाई मान वर करून उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, 'मे ए केदादो दे पिएद्रा'. मला 'पिएद्रा' तेवढं कळलं, दगड. मला वाटलं पायाला खडा लागला. मी खाली वाकून त्यांच्या चपलेकडं बघू लागलो. त्यांनी मला हाताला धरून उभं केलं, स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि मग त्या दगडी हत्तीकडं बोट केलं. म्हणजे, 'मी दगड होऊन राहिले'. थक्क झाले की तिकडं असं म्हणतात. कैलासात उभं राहून तो वाक्प्रचार शिकलेला माणूस तो विसरेल का? आता माझं सांगून झालं की शेवटी मीच म्हणतो, इथं आम्ही रोज दगड होतो.

रात्रपाळी_लातूर
मेक्सिकोचे फोन घेतो, 4 वर्षं झाली. पुस्तकात 'ओला' शिकवतात, तिकडं फोन उचलला की म्हणतात 'बुएनो?' म्हणजे 'चांगलं?' पहिल्या दिवशी मी उत्तर दिलं, हो सगळं चांगलं आहे. स्पेनचा माणूस 'दीगामे' म्हणतो, सांगा. ऐकू आलं नाही तर मेक्सिकोत 'मांदे?' म्हणतात, म्हणजे आज्ञा करा. किती अदबीचा शब्द आहे बघा.

पण माझा लाडका शब्द 'आओरिता'. 'आओरा' म्हणजे आत्ता आणि 'आओरिता' म्हणजे आत्ताच्या आत्ता, असं पुस्तक सांगतं. खरं काय ते आपल्याला कळतं: आमच्याकडं "येऊलालोच" म्हणणारा माणूस अजून आंघोळीलाच गेलेला असतो. आओरिता तसंच. पाच मिनिटं, दोन तास, नाहीतर कधीच नाही. टीममध्ये मी सोडून सगळे गोंधळायचे.

एक सावध करतो. 'कोखेर' हे क्रियापद स्पेनमध्ये साधं आहे, बस पकडणे वगैरे. मेक्सिको नि अर्जेंटिनात ते असभ्य आहे. मी कॉलवर बस पकडतो म्हणून गेलो, पलीकडं आधी शांतता, मग हसू. त्या ताईंनी फार प्रेमानं सांगितलं, बाळा, इथं 'तोमार' म्हण. नवीन पोरांनो, हे आधी लिहून ठेवा.

चहावाली_मावशी
शेवंती, घारग्यात गूळ किती घालता? माझे तेलात फुटतात

शेवंती, परभणी
मावशी, किसाच्या निम्मा गूळ. दोन्ही शिजवून पूर्ण गार होऊ द्या, मगच कणीक मळा. थोडा रवा घाला, फुटणार नाहीत.

दखनी_जबान
संभाजीनगरवरून. आमच्या घरी दखनी बोलतात, त्यामुळं स्पॅनिशचा घशातला 'ख' आम्हाला फुकटात मिळाला. वर्गात सगळे 'नारांखा' म्हणताना घसा खाकरायचे आणि मी आरामात. नंतर कळलं की नारांखा म्हणजे संत्रं, आणि हा शब्द आपल्या संस्कृत 'नारंग'वरूनच फारसी, अरबी करत स्पेनला पोचलाय. जोडीदाराला ते 'मेदिआ नारांखा' म्हणतात, अर्धं संत्रं. माझी बायको जालन्याची. तिला अर्धी मोसंबी म्हणतो, ती पूर्ण मोसंबी सोलायला लावते.

711 ते 1492 स्पेनच्या कमीजास्त भागावर अरबी सत्ता होती, तिथून हे शब्द आले. साखर 'आसूकार', उशी 'आल्मोआदा', कापूस 'आल्गोदोन'. सगळ्यात भारी 'ओखाला'. म्हणजे 'तसं घडो'. मूळ अरबी, अल्लाची इच्छा असेल तर. माझी अम्मी दर दोन वाक्यांनी इन्शाअल्ला म्हणते. तिला सांगितलं की स्पेनमधली ख्रिस्ती आजीपण थोडंफार तुझ्यासारखंच बोलते. तिनं विचारलं, तिला गुडघेदुखी आहे का?

बोरकूट
अम्मीला सलाम सांगा 🙏

कापूसकोंड्या
आल्गोदोन!! आमच्या पाथरीच्या रानात उभं राहून ओरडणार उद्या. वेचणीला माणूस मिळेना झालाय. तुमच्याकडं काय मजुरी चाललीय?

रात्रपाळी_लातूर
आमच्याकडं सोयाबीनच सगळं. भाऊंना विचारून सांगतो. आओरिता 😄

अंबाजोगाईची_आत्या
माझ्या भाच्याची बायको स्पेनची. लग्नाला आली तेव्हा मांडवात जो तो "काका, काका" ओरडतोय. पोरगी लाल होऊन हसतेय. भाच्यानं मग कानात सांगितलं की तिकडं 'काका' म्हणजे लहान लेकराची शी. आणि 'बाबा' म्हणजे लाळ! आमचे थोरले दीर म्हणजे सगळ्या गावाचे काका. तिनं त्यांना 'तीओ' म्हणायचं ठरवलं. तीओ म्हणजे काकाच, पण स्पेनमधली पोरं दोस्तालाही तीओ म्हणतात, आपल्या 'भावा'सारखं. दिरांना हे कळल्यावर ते तिला म्हणाले, "बोल तीओ." सत्तरीचा माणूस!

पण मला सांगायचंय ते दुसरंच. त्या जानेवारीत तिला हुरड्याला शेतावर नेलं. गूळभेंडीची कणसं आगटीत गोवऱ्यांवर खरपूस भाजून काढली. मी एक कणीस हातावर चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला आणि ते गरम हिरवे दाणे तिच्या ओंजळीत टाकले. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. तिला माझी भाषा येईना, मला तिची. दुसऱ्या कणसाला तिनं आगटीकडं बघितलं आणि काहीतरी म्हणाली. भाच्याला विचारलं तर म्हणाला, "आत्या, ती म्हणतेय तोंडाचं पाणी झालं." 'से मे आसे ला बोका आग्वा'. अहो, आपण "तोंडाला पाणी सुटलं" म्हणतो, तेच की! मी तिला मराठीत म्हणून दाखवलं, तिनं चार वेळा घोकलं. सुटलं तिला म्हणता येईना, "सुत्लं" म्हणायची. आता दर फोनला पहिलं वाक्य तेच. मी पाचवी शिकलेली बाई, पण माझं हे एक स्पॅनिश वाक्य पक्कं आहे.

दखनी_जबान
आत्या, डोळ्यात पाणी आलं वाचून. याला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात शोधतो.

शेवंती, परभणी
आत्या, हुरड्याला आम्हाला पण बोलवा.

अंबाजोगाईची_आत्या
या की. लेकीला घेऊन या. भोपळ्याचे घारगे आणा.

उलटसुलट
मी मेस्सीमुळं शिकायला लागलो. 2022 ला त्यांनी विश्वचषक जिंकला तेव्हा आमच्या नांदेडच्या खोलीत आम्ही तिघंच जागे होतो. अर्जेंटिनाच्या बोलीत 'वेसरे' नावाचा खेळ आहे. शब्दाची अक्षरं फिरवायची. कॅफेचं 'फेका', आमिगोचं 'गोमीआ', तांगोचं 'गोतान'. वेसरे हेही 'रेवेस' म्हणजे 'उलट' या शब्दाचंच उलटं. बुएनोस आयरेसच्या साध्या वस्त्यांत जुन्या काळापासून असं बोलतात. हे वाचलं आणि आमची शाळेतली च ची भाषा आठवली. पहिलं अक्षर शेवटी, पुढं च. मला चं 'चलाम'. बहिणीशी आईसमोर तासभर बोलायचो. मी गोमीआ पहिल्या झटक्यात ओळखलं ते च च्या भाषेमुळंच.

बोरकूट
चराब! (बरा)

चहावाली_मावशी
आमच्यात फ ची होती. अफामी असं काहीतरी. आईला कळायची पण ती दाखवायची नाही. गेल्यावर मामीनं सांगितलं

उलटसुलट
मावशी 🙏

नवशिकी
मला अजून 'पेरो' (पण) आणि 'पेर्रो' (कुत्रा) यात घोळ होतो. 'मी येणार कुत्रा उशीर होईल' असं लिहिलं परवा. काय करावं?

लेणीवाट
ताई, बैलाला हाकताना "हुर्र" म्हणता तो र धरा. आपल्याकडं तो आहेच. आणि 'त्रेस त्रिस्तेस तिग्रेस' रोज दहा वेळा म्हणा, तीन दुःखी वाघ. त, द तर आपलेच आहेत, इंग्रजीवाल्यांनाच अवघड जातात.

रात्रपाळी_लातूर
28 डिसेंबरला ऑफिसात जपून राहा बरं का कुणी तिकडं बोलत असाल तर. आपला एक एप्रिल त्यांच्याकडं त्या दिवशी असतो. ते 'केस घेतात', तोमार एल पेलो. आपण मामा बनवतो.

लेणीवाट
शेवंतीताई, उद्या मंगळवार, वेरूळ बंद. परवा व्हॅलेन्सियाचे अकरा जण आहेत. मासा सांगून बघतो.

शेवंती, परभणी
नक्की सांगा, वाट बघते.

लेणीवाट
सांगितला. "एक मासा दुसऱ्या माशाला" एवढंच म्हणालो तोवर अकराच्या अकरा जण एका सुरात 'नादा'. कैलासाच्या अंगणात घुमलं. मग म्हणाले, आता तुझ्या भाषेतला. बोरकूट यांचा पोहेवाला सांगितला, पण त्यांना पोहे माहीतच नाहीत. मग बाहेर टपरीवर नेऊन सगळ्यांना एकेक प्लेट घ्यायला लावली. वरून शेव, लिंबू. एक म्हातारे गृहस्थ दुसरा घास घेता घेता थांबले, चमचा वर धरला, हाताने पोहल्यासारखं केलं आणि मोठ्यानं हसले.

बोरकूट
पोहोचलं!