आरव्ही घेऊन फॉल कलर्सला जाता, तेव्हा मागे घराचं काय करता?

धागा काढणारी, न्यू जर्सी

तीन वर्षांपूर्वी आम्ही एक वापरलेली आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेतली. चोवीस फुटी, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली, इथल्या भाषेत क्लास सी. दोन मुलं, दोन नोकऱ्या. उन्हाळ्यात भारतवारी, हिवाळ्यात गाडी गारठून पडलेली, त्यामुळे आमचं सगळं फिरणं फॉल कलर्सचं, म्हणजे पानगळीआधी झाडं लाल-पिवळी होतात तेव्हाचं, सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. कोलंबस डेचा सोमवार आणि नोव्हेंबरात शिक्षकांच्या अधिवेशनामुळे मिळणारे गुरुवार-शुक्रवार, हे आमचे हुकमाचे पत्ते.

पण घरालाही माणूस नेमका याच दिवसांत लागतो. पानं गोळा करून रस्त्याकडेला लावायची तारीख टाउनशिप, म्हणजे इथली नगरपालिका, ठरवते. बाहेरचे नळ बंद करायचे, पन्हाळीतला कचरा काढायचा, आणि फराळ आहेच. पहिल्या वर्षी आम्ही न्यू हॅम्पशरच्या कँकमॅगस हायवेला गेलो. साडेचौतीस मैल, मध्ये एकही गॅस स्टेशन नाही, दोन्हीकडे पेटलेले डोंगर. चौथ्या दिवशी घरी आलो तर डेकवरचा कढीपत्ता पहिल्याच फ्रॉस्टने काळा पडलेला. नऊ वर्षांचं झाड, बी रुजवण्यापासून वाढवलेलं. मी रडले. हसायचं असेल तर हसा.

जाताना आणखी एक घडलं, तेही सांगते. फोनमधल्या नेहमीच्या नकाशाने कनेक्टिकटमध्ये आम्हाला मेरिट पार्कवेकडे वळवलं. रस्ता देखणा, पूल त्याहून देखणे, पण आठ फुटांपेक्षा उंच गाडीला तिथे मज्जाव. आमची गाडी साडेअकरा फूट. रॅम्पच्या तोंडाशी पाटी मी वाचली म्हणून वाचलो. मग नवरा उलट्या गिअरमध्ये, मी खाली उतरून दोन्ही हात हलवत, मागे सहा गाड्या. नवऱ्याने त्या दिवशी मला पहिल्यांदा “तू सांगशील तसं” म्हटलं. आता आम्ही २८७ नंबरच्या हायवेवरून ६८४, मग ८४ असे जातो. गाडीची उंची मोठ्या आकड्यात लिहून काचेला आतून चिकटवली आहे.

तर आपापले अनुभव लिहा. मागे घर कोण बघतं, सणवार कसे सांभाळता, शाळेला काय सांगता. नुसते फोटो नकोत, फोटो सगळ्यांकडे आहेत.


डेलावेअरहून

आम्ही विकत घेत नाही, वर्षातून एकदा भाड्याने आणतो. २०२४ ची गोष्ट. शेनान्डोआ नॅशनल पार्कमधल्या बिग मेडोज कॅम्पग्राउंडचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं. ऑक्टोबरचे वीकेंड काही मिनिटांत जातात, म्हणून मी ११ एप्रिलला घड्याळ लावून बसलो आणि शुक्रवार ११ ऑक्टोबरपासून तीन रात्री पटकावल्या. दोनच दिवसांपूर्वी पाडवा झाला होता, कालनिर्णय भिंतीवर समोर होतं, पण दसरा कधी आहे ते बघायचं सुचलं नाही. तो शनिवारी १२ तारखेला होता.

आमच्याकडे घट बसतात. आई आली की अगदी साग्रसंगीत, माती चाळण्यापासून. घट एकदा बसला की हलवायचा नाही, दिवा विझू द्यायचा नाही, आणि आमच्याकडे उठतो तो दसऱ्यालाच. मी आईला म्हटलं, समई एलईडीची ठेवू. तिने उत्तरही दिलं नाही. आणि इथलं घर लाकडी, पेटता दिवा ठेवून कुलूप लावायची माझी तरी छाती नाही. शुक्रवारची रात्र गेली. पैसे भरले होते, परत मिळाले नाहीत.

दसऱ्याला सकाळी घट उठवला आणि मग जे झालं ते मला फोटोपेक्षा जास्त आठवतं. भाड्याची आरव्ही ड्राइव्हवेवर उभी. आईने तिच्या नाकाडावर हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ बांधली, टायरखाली लिंबू ठेवलं. घटातले पिवळे तुरे मुलांच्या टोप्यांत खोवले आणि एक जुडी आरशाला. आपटा इथे कुठला, पण आमच्या गल्लीत रेडबडची झाडं आहेत. पान बदामाच्या आकाराचं, आपट्याचं दूरचं भावंड, आणि ऑक्टोबरात पिवळंधमक होतं. शेजारच्या पंचाहत्तरीतल्या आजोबांना आईने ते “सोनं” दिलं. त्यांनी ते पाकिटात ठेवलं आणि आमच्या घराची किल्ली मागून घेतली, म्हणाले रोज एक फेरी मारेन. मागे घर कोण बघतं, याचं आमचं उत्तर हे.

बारा वाजता निघालो. प्रोपेनचे सिलिंडर असले की बाल्टिमोरच्या बोगद्यांतून जाता येत नाही. पूर्वी आरव्हीवाले तिथल्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जायचे, तो २६ मार्च २०२४ ला जहाज आदळून पडला. म्हणून ६९५ हायवेचा पश्चिमेकडचा वळसा, मग ७०. पार्कातला रस्ता, स्कायलाइन ड्राइव्ह, १०५ मैलांचा आहे आणि वेगमर्यादा ताशी ३५ मैल. अंधार पडल्यावर हरणं इतकी आडवी येतात की ३५ सुद्धा जास्त वाटतात. त्यावरच्या मेरीज रॉक बोगद्याची उंची १२ फूट ८ इंच, आमची गाडी त्याहून थोडीच कमी. बोगद्यात शिरताना आईसकट सगळ्यांनी माना खाली घातल्या.


मिनेसोटाहून

आमच्याकडे शिक्षक संघटनेच्या अधिवेशनाचा एमईए वीकेंड असतो, ऑक्टोबरातला तिसरा गुरुवार-शुक्रवार, शाळा बंद. अडचण अशी की तोवर लेक सुपीरियरच्या काठावरचे मेपल झडून गेलेले असतात. ते सप्टेंबरअखेरीस बघायचे. पण टॅमरॅक तेव्हा भरात असतो. दिसायला पाइनसारखा, पण याच्या सुया सोन्यासारख्या पिवळ्या होऊन गळतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं झाडं मेली आहेत.

थंडीबद्दल लिहितो, कारण त्यावर कोणी नीट लिहीत नाही. ऑक्टोबरच्या मध्यावर बऱ्याच स्टेट पार्कांत नळ बंद झालेले असतात, आंघोळीच्या खोल्यांसकट. टाकी घरूनच भरून न्यायची. बाहेरचा पाइप रात्री जोडून ठेवायचा नाही, तो दांडक्यासारखा गोठतो. सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवायची म्हणजे आतली ऊब नळ्यांपर्यंत जाते.

पहिल्या वर्षी पहाटे तीनला जाग आली ती बायकोच्या “काहीतरी बंद पडलंय” या वाक्याने. गाडी गरम ठेवणारा फर्नेस थंड. प्रोपेनचा काटा भरलेला. मी टॉर्च घेऊन अर्धा तास गॅसच्या मागे लागलो. दोष बॅटरीचा होता. फर्नेस जळतो गॅसवर, पण त्याचा पंखा चालतो बॅटरीवर, आणि आम्ही रात्रभर दिवे लावून पत्ते खेळलो होतो. वीज नसलेल्या जागी फर्नेसचा पंखा एका रात्रीत बॅटरी खातो. चौघं एका पलंगावर, वर गोधडी. ती आजीच्या नऊवारीची गोधडी नसती तर आम्ही त्या रात्री गाडी विकली असती.

आणि घरचं विचाराल तर लॉनच्या स्प्रिंकलरमधलं पाणी हवेच्या दाबाने काढून टाकायची अपॉइंटमेंट दर वर्षी नेमकी याच वीकेंडला मिळते. दर वर्षी. आता मी ती जुलैमध्ये घेतो. माझ्या मते शरदातल्या सहलीचं अर्धं नियोजन इथेच संपतं. उरलेलं अर्धं म्हणजे डंप स्टेशनवर, टाक्या रिकाम्या करायच्या जागी, आधी ब्लॅक टँक (संडासाचा) सोडायचा, मग ग्रे (सांडपाण्याचा), म्हणजे भांड्यांच्या पाण्याने पाइप धुतला जातो. उलट केलंत तर पुन्हा कधी उलट करणार नाही.


डेन्व्हरहून

आम्ही विकली.

२०२० मध्ये सगळ्यांनी घेतल्या तेव्हा घेतली, २०२३ मध्ये काढून टाकली. आमच्या सोसायटीच्या नियमांत ड्राइव्हवेवर दोन दिवसांच्या वर उभी करता येत नव्हती, म्हणून शहराबाहेर भाड्याने जागा. विमा वेगळा. हिवाळ्याआधी नळ्यांत ते गुलाबी अँटीफ्रीझ भरा, वसंतात काढा. इतकं करून वर्षाला नऊ रात्री वापरली. मी मोजल्या.

कोलोराडोतली अ‍ॅस्पनची झाडं सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पिवळी होतात. २०२३ मध्ये गणपती १९ ला आले आणि अनंत चतुर्दशी २८ ला. आमच्याकडे दहा दिवसांचा गणपती. नैवेद्य कोण दाखवणार? ट्रेलर मूर्तीसकट डोंगरात न्यायचा विचार नवऱ्याने बोलून दाखवला, मी फक्त बघितलं त्याच्याकडे. शिवाय इंडिपेन्डन्स पास या घाटात ३५ फुटांपेक्षा लांब गाडीला बंदी आहे आणि ट्रक-ट्रेलर मिळून आम्ही त्याच्या कितीतरी पुढे.

आता सकाळची आरती झाली की साध्या गाडीने केनोशा पासला जातो. दहा हजार फूट, घरापासून सव्वा-दीड तास. डब्यात उकडीचे उरलेले मोदक. दुपारी घरी, संध्याकाळच्या आरतीला हजर. ज्यांना आरव्ही जमते त्यांचं कौतुक आहे, पण “जमवून घ्या” असं सांगणाऱ्यांनी आधी आपल्या घरात कोण काय करतं ते लिहावं.


मिशिगनहून, मुलाकडे आलेली आजी

मी बोलते आहे, नात टाइप करते आहे. मी मूळची माण तालुक्यातली.

मला गाडीत बसवलं तेव्हा सूनबाईने तासभर नियम सांगितले. पाणी जपून, टाकीत एकूण दीडशे लिटर. मी म्हटलं, बाई गं, बहात्तरच्या दुष्काळात मी बारा वर्षांची होते. आई खडी फोडायला जायची आणि मी टँकरच्या रांगेत. सात माणसांना दोन हंडे. दीडशे लिटरचं मला काय सांगतेस!

पहिल्या संध्याकाळी मुलाने भांडी घासली, नळ सोडून. दिवा लागला, ग्रे टँक भरत आला म्हणे. दुसऱ्या दिवसापासून मी ताबा घेतला. ताटं आधी कागदाने पुसायची, एका पातेल्यात साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं, तांदूळ धुतलेलं पाणी पहिल्या विसळणीला. चार दिवस टाकी पुरली आणि वर उरली. मुलगा मित्रांना फोन करून सांगत होता, आईने रेकॉर्ड केलं.

फोडणी मात्र आत करता येत नाही. मोहरी तडतडली की धुराचा भोंगा वाजतो, मग सगळे टॉवेल हलवत नाचतात. मी बाहेर लाकडी टेबलावर शेगडी मांडली. कुकरच्या पहिल्या शिट्टीला पलीकडच्या गाडीतली गोरी बाई धावत आली, काही फुटलं का म्हणून. तिला पिठलं-भात दिला. दुसऱ्या दिवशी तिने सफरचंदाचा केक आणून दिला.

त्या लांब पुलावरून, मॅकिनॉ म्हणतात त्याला, वर गेलो. तिथे एक धबधबा आहे, टाक्वामेनॉन. पाणी चहाच्या रंगाचं. झाडांच्या मुळा-पानांचा अर्क उतरतो म्हणे. भोवती सगळं रान लाल. मी तिथे बराच वेळ बसले. आमच्याकडे एवढं पाणी नुसतं पडत असतं तर, असं मनात आलं. मुलांना नाही सांगितलं.

घराचं विचारलंस पोरी, तर माझं घर दहिवडीला कुलूपबंद आहे पाच महिने. शेजारीण तुळशीला पाणी घालते. माझं लक्ष तिथेच असतं.


ऑकलंडहून

आमचा शरद उलटा, मार्च ते मे. गुढीपाडवा पानगळीत येतो! गुढी उभारायची, मग शाळेला सुट्टी लागली की फेरीने साउथ आयलंड गाठायचं आणि अ‍ॅरोटाउनची पिवळी झाडं बघायची. कढीपत्त्याची चिंता एप्रिलमध्ये नसते, जूनमध्ये असते. बाकी फुकट गाडी लावून झोपायचं असेल तर बहुतेक ठिकाणी गाडीत स्वतःचा संडास आणि त्याचं प्रमाणपत्र हवं, हे इथे येणाऱ्यांनी आधी बघून घ्या. दिवाळी आमच्याकडे वसंतात असल्यामुळे फराळाचा आणि प्रवासाचा संबंधच येत नाही. जळू नका.


धागा काढणारी, न्यू जर्सी

आजी, तुमचं दोन पातेल्यांचं काल रात्री नवऱ्याला वाचून दाखवलं. तो नळ सोडून घासणाऱ्यांपैकीच आहे.

डेन्व्हर, कोण काय करतं ते लिहिते. गाडी तो चालवतो, टाक्या तो बघतो. सामान, जेवण, मुलांचा राहिलेला गृहपाठ, परत आल्यावरचे धुण्याचे चार लोड आणि टाउनशिपची तारीख हे सगळं माझ्याकडे. लिहून काढल्यावर ते जरा जास्तच वाटतंय. या वेळी धुणं त्याचं, असं ठरलं आहे. बघू.

कढीपत्त्यासाठी बऱ्याच जणांनी खाजगीत उपाय पाठवले. शेजारी ठेवा, गराजमध्ये ठेवा, जुनी चादर घाला. एकीने लिहिलं की ती कुंडी आरव्हीच्या शॉवरमध्ये घालून सोबत नेते, फक्त फ्लोरिडा किंवा कॅलिफोर्नियाच्या बाजूला जाऊ नका, लिंबू-संत्र्याच्या किडीमुळे तिथे कढीपत्त्याच्या झाडावर बंधनं आहेत. आम्ही व्हरमाँटला चाललोय. स्मगलर्स नॉच या तिथल्या घाटाचा वळणांचा रस्ता मोठ्या गाड्यांना अवघड आहे, हे यंदा आधी वाचून ठेवलंय.

आज संध्याकाळी कुंडी शॉवरमध्ये ठेवून पाहिली. नवं रोप आहे, अडीच फुटांचं. दार लागतं, वरचा एक शेंडा तेवढा वाकतो. मुलगी विचारत होती, मग आंघोळ कुठे करायची.