‘माहिती पूर्णपणे सुरक्षित’ आणि ‘आम्ही जबाबदार नाही’: एकाच कंपनीची ही दोन्ही वाक्यं कशी चालतात?

रानजाई

सासऱ्यांच्या रक्ततपासण्या घरबसल्या व्हाव्यात म्हणून एका आरोग्य अ‍ॅपवर त्यांचं खातं उघडायला घेतलं. पहिल्याच पानावर हिरवं कुलूप आणि ठळक अक्षरांत ‘तुमची माहिती आमच्याकडे पूर्णपणे सुरक्षित’. ‘मला मान्य आहे’वर टिचकी मारण्याआधी अटी उघडल्या. बरंच खाली गेल्यावर सापडलं: सेवा ‘जशी आहे तशी’ दिली जाते, कोणी अनधिकृतपणे माहिती मिळवली तर कंपनी जबाबदार नाही, आणि कोर्टाने धरलंच जबाबदार, तर भरपाई आपण मागच्या बारा महिन्यांत भरलेल्या पैशांपुरतीच. म्हणजे साखर, कावीळ, एचआयव्ही, सगळे अहवाल द्यायचे ते पहिल्या वाक्याच्या भरवशावर, आणि उद्या ते फुटले की लागू होणार ते दुसरं वाक्य.

माझं म्हणणं सरळ आहे. जो शब्द देऊन माहिती घेतली, तो शब्द पाळायची जबाबदारी कंपनीवर असलीच पाहिजे. आतल्या पानावरच्या कलमाने तो खोडता येता कामा नये.

हे मी एकटी म्हणत नाही. अ‍ॅशली मॅडिसन ही विवाहबाह्य संबंध जुळवणारी कॅनडातली साइट २०१५ मध्ये फुटली, सुमारे ३ कोटी ६० लाख खात्यांची माहिती गेली. त्यांच्या पहिल्या पानावर सुरक्षिततेबद्दल मिळालेल्या पुरस्काराचं पदक झळकत होतं. असा पुरस्कार कोणी दिलाच नव्हता, पदक त्यांनीच तयार केलं होतं. खातं समूळ पुसायचे १९ डॉलर घ्यायचे, आणि पैसे भरलेल्यांचीही माहिती पुढे बारा महिन्यांपर्यंत ठेवायचे. अटींत मात्र लिहिलेलं, की सुरक्षिततेची आणि गोपनीयतेची हमी देता येत नाही, वापर स्वतःच्या जोखमीवर करावा. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या गोपनीयता आयुक्तांनी मिळून चौकशी केली. ऑगस्ट २०१६ च्या अहवालात त्यांनी स्पष्ट म्हटलं, की अशा कलमामुळे कायद्याने घातलेली जबाबदारी टळत नाही. आपल्याकडे हे कधी ऐकायला मिळणार?

कोडवाला पिंपरी

असहमत. अ‍ॅशली मॅडिसनने उघड लबाडी केली. त्या मापाने सगळ्यांना मोजू नका.

मी छोट्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतो, वर्षाला १२ हजार रुपये घेतो. डेटा एन्क्रिप्ट करतो, बॅकअप वेगळ्या ठिकाणी ठेवतो, सुरक्षा चाचणी बाहेरच्या माणसाकडून करून घेतो. आणि दवाखान्यात गेलो की दिसतं काय, तर डॉक्टरांचा पासवर्ड कागदावर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवलेला, आणि कंपाउंडरपासून रिसेप्शनपर्यंत सगळे त्याच लॉगिनने काम करतायत. तिथून फुटलं तर अमर्याद भरपाई मी द्यायची? डिस्क्लेमर मी लोकांना फसवायला घातलेला नाही. ते कलम नसेल तर माझा धंदा एका दाव्यात बसेल आणि रुग्णांचा डेटा चार बड्या कंपन्यांकडे जाईल. त्यांच्या वकिलांशी तुम्हीच भांडा मग.

पोस्टकार्ड

कोडवाल्यांशी सहमत. लोक सगळीकडे एकच पासवर्ड ठेवतात आणि फुटलं की कंपनीच्या नावाने खडे फोडतात. ट्वेंटी-थ्री-अँड-मी या डीएनए तपासणाऱ्या अमेरिकन कंपनीचं २०२३ मध्ये तेच झालं. चोरांनी कंपनीची भिंत फोडली नव्हती, दुसऱ्या साइटवरून फुटलेले पासवर्ड इथे लावून पाहिले आणि ते चालले. यात कंपनीचा काय दोष?

रानजाई

पोस्टकार्ड, उदाहरण तुम्हीच दिलंत, ते पुरतं बघू. अशा पासवर्डांनी उघडलेली खाती होती सुमारे १४ हजार. माहिती गेली सुमारे ६९ लाख लोकांची, कारण नातेवाईक शोधून देण्याची सोय कंपनीनेच बांधली होती आणि एका खात्यातून शेकडो नातलग दिसत होते. कुठल्या तरी दूरच्या, कधी न भेटलेल्या चुलत भावाने पासवर्ड पुन्हा वापरला, त्यात या लोकांची काय चूक? तरी कंपनीच्या वकिलांनी पत्र लिहून दोष वापरकर्त्यांवरच ढकलला. आणि चोरी उघड झाल्यावर, ३० नोव्हेंबर २०२३ ला अटी बदलल्या: वाद सामूहिक दाव्याने कोर्टात न नेता लवादाकडे न्यायचे, नको असेल त्याने तीस दिवसांत ईमेल करून कळवायचं. घर फुटल्यावर भाडेकरार बदलणाऱ्या घरमालकाला आपण काय म्हणू?

जून २०२५ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी त्या कंपनीला २३.१ लाख पौंड दंड केला. लॉगिनला दुसऱ्या पायरीची पडताळणी सक्तीची नव्हती, हा त्यातला एक ठपका. लोक पासवर्ड पुन्हा वापरतात हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. माहीत असलेल्या धोक्यावर दार लावायचं काम कंपनीचं.

वकिली चष्मा

‘आपल्याकडे कधी’ याचं उत्तर: कागदावर आलंय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचं कलम ८(१) म्हणतं, की करारात काहीही उलट लिहिलेलं असो, कायदा पाळण्याची जबाबदारी माहिती घेणाऱ्याचीच. सुरक्षेत हयगय केली तर दंड २५० कोटींपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, त्या अधिसूचनेप्रमाणे मुख्य तरतुदी १८ महिन्यांनी लागू होतात.

पण दोन्ही बाजूंच्या लोकांनी एक लक्षात घ्या. तो दंड सरकारच्या तिजोरीत जातो. ज्याची माहिती फुटली त्याला या कायद्याने एक रुपया मिळत नाही. भरपाईची वाट होती ती माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३अ कलमातून, आणि तेच कलम नवा कायदा वगळतोय. मला हे अत्यंत चुकीचं वाटतं.

त्या जुन्या वाटेने काय होत असे ते सांगतो. पुण्यातल्या एका कंपनीच्या खात्यातून ८०.१० लाख रुपये परस्पर वळवले गेले. मालकांनी फसव्या ईमेलला उत्तर दिलं होतं. २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांनी निवाडा अधिकारी म्हणून बँकेला ४५ लाख द्यायला लावले. ज्या खात्यांत पैसे वळवले ती उघडताना बँकेने नीट तपासणी केली नव्हती म्हणून बँक दोषी, आणि ईमेलला भुलले म्हणून उरलेला भार मालकांवर. दोघांची चूक मोजली गेली, ‘आम्ही जबाबदार नाही’ इथे विषय संपला नाही. ज्यांना दावा करायचाय त्यांनी ४३अ आहे तोवर करावा, आणि कंपनीच्या आश्वासनाचा तारखेसकट स्क्रीनशॉट जपावा. पानं बदलतात.

कोडवाला पिंपरी

पुण्याच्या निकालाशी माझं भांडण नाही. माझी चूक दाखवा, तेवढं मी देईन. माझा विरोध आकडा मोकळा सोडण्याला आहे.

कॅशकाउंटर

बँकेतून निवृत्त झालो, बरीच वर्षं लॉकरच्या टेबलावर होतो. आमच्या जुन्या करारातही हेच होतं: आत काय आहे ते बँकेला माहीत नाही, सबब बँक जबाबदार नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने बँकांना असे हात वर करता येणार नाहीत असं सुनावलं. ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने नियम काढले, १ जानेवारी २०२२ पासून लागू. चोरी, दरोडा, आग, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यात नुकसान झालं तर वार्षिक भाड्याच्या शंभर पट बँकेने द्यायचे. भूकंप-पुरासारख्या आपत्तीत नाही. ‘बँकांना परवडणार नाही’ असं तेव्हा आमच्यातलेच म्हणत होते. लॉकर आजही मिळतात. मर्यादा ठेवा, पण शून्य नको.

कोडवाला पिंपरी

हे पटतं. शंभर पट म्हणजे माझ्याकडून एका दवाखान्याला १२ लाख. विमा काढून पेलता येईल. आणि ‘पूर्णपणे सुरक्षित’ असं कोणीच लिहू नये, हेही मान्य. आम्ही काय काय करतो तेवढंच लिहावं.

रानजाई

काका, नियम चांगला आहे, पण फुकट अ‍ॅपचं काय? शून्याच्या शंभर पट शून्यच. सासऱ्यांच्या अ‍ॅपला वर्गणी नाही, ते कमावतं लॅबकडून. आणि कोडवाले, तुमचे १२ लाख मिळणार डॉक्टरांना. ज्याचा अहवाल फुटला त्या रुग्णाचा तर तुमच्याशी करारच नाही. म्हणून भरपाई दर माणशी ठरवावी, आणि आजाराच्या माहितीसाठी जास्त.

कोडवाला पिंपरी

दर माणशी पाच हजार धरले आणि ४० हजार रुग्ण असले तर २० कोटी. पुन्हा तिथेच आलो.

रानजाई

४० हजारांची माहिती जवळ का ठेवता? ज्या बाई एकदाच खोकल्याचं औषध घ्यायला आल्या आणि पुन्हा फिरकल्या नाहीत, त्यांचा फोन, पत्ता, आजार अजून तुमच्या सर्व्हरवर कशाला?

कोडवाला पिंपरी

डॉक्टर पुसू देत नाहीत म्हणून. ठराविक वर्षांनी आपोआप पुसलं जाईल अशी सोय मी दिली होती, बहुतेकांनी ती बंद करून ठेवलीय. दर माणशी रकमेला मी तयार होईन, पण हयगय सिद्ध झाली तरच, आणि पुसायला नकार देणाऱ्या डॉक्टरांनाही त्यात हिस्सा उचलावा लागणार असेल तर.