सुधाकर दारूने बुडाला की रागाने? 'एकच प्याला'तल्या पहिल्या घोटाबद्दल

विंगेतला
आमच्या हौशी मंडळात राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' नाटकातला एक प्रवेश बसवतोय. परवा तालमीत चहा गार होईपर्यंत भांडण झालं, म्हणून इथे टाकतोय.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: सुधाकर हुशार वकील, स्वतःच्या बळावर वर आलेला, पण राग नाकावर. कोर्टात मुनसफाशी, म्हणजे न्यायाधीशाशी, खटका उडतो आणि सुधाकरची सनद, वकिलीचा परवाना, काही काळासाठी काढून घेतली जाते. अपमानाने आतून पेटलेला असताना दारुडा तळीराम पुढे प्याला धरतो. एकच घे, विसरशील. तो घेतो. पुढे बायको, मूल, स्वतः तो, कोणीच उरत नाही.

आमच्या सुधाकरने प्याला हातात घेतला, चांगला आठ-दहा सेकंद थांबला, आत बायको सिंधू आहे त्या बाजूला बघितलं आणि मग प्यायला. दिग्दर्शक खूश. मी म्हटलं, साफ चूक! हा माणूस थांबत नाही, तिथेच तर घात आहे. कोर्टात थांबला असता तर सनद गेली नसती.

गडकऱ्यांनी मानी माणसाचं नाटक लिहिलंय, दारू निमित्तमात्र, असं माझं मत. मध्ये एकदा सुधाकर दारू सोडतो, आठवतं का? नोकरीसाठी दारोदार फिरतो, लोक झिडकारतात, आणि परत प्याला. दोन्ही वेळा आधी अपमान, मग दारू.

कडूकारलं
निमित्तमात्र? अहो, नाटकाचं नाव 'एकच अपमान' नाहीये.
तळीरामाचा कुणी अपमान केला होता? तो मजेत पितो, आर्य मदिरा मंडळ काढून बसतो, आणि तोही दारूनेच मरतो. शेवटच्या अंकात काठी उचलतो तो तुमचा मानी वकील नव्हे, दारुडा. शुद्धीतला सुधाकर कितीही भडकला असता तरी पोटच्या पोरावर काठी चालवली असती का?

विंगेतला
मुनसफावर शुद्धीतच घसरला होता ना.

कडूकारलं
तोंड सुटणं आणि काठी सुटणं एकच का हो, वकीलसाहेब?

जात्यापाशी
सुधाकर, सुधाकर. सिंधूचं काय? भाऊ न्यायला येतो तर ही 'कशि या त्यजू पदाला' गाते. माहेरच्या पैशाला शिवणार नाही म्हणून शपथ घेते आणि लोकांचं दळण दळत बसते. हाही भावनेच्या भरातलाच निर्णय, तितकाच आततायी. पाळण्यातलं पोर उपाशी, आणि आईला शपथ मोठी! मरतानाही नवऱ्याला वाचवायला खोटं बोलून जाते. त्याला शिव्या आणि तिला वन्स मोअर, हा कुठला न्याय? माझी आजी त्या पदाला दर वेळी डोळे पुसायची. मी कॉलेजात वाचलं तेव्हा पुस्तक भिरकावलं होतं.

पिटातला म्हातारा
ताई, भिरकावलंत ते गडकऱ्यांवर, पण पद त्यांचं नाही. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले, गंधर्व मंडळीचा पहिला प्रयोग त्यानंतर बडोद्याला झाला. पदं वि. सी. गुर्जरांची. आणि सिंधू म्हणून समोर बालगंधर्व. लोक रडणार नाहीत तर काय करतील?
दुसरं, तिने जायचं कुठे? हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा बडोदा संस्थानात १९३१ ला आला, मुंबई प्रांतात १९४७ ला. तिच्या निर्णयाला आततायी म्हणायचं तर दुसरा रस्ता दाखवा.

जात्यापाशी
काका, पदाचं मान्य. पण मी घटस्फोट कुठे मागितला? भाऊ पद्माकर दारात उभा होता. माहेर होतं, तिथे खायला होतं. तळीरामाची गीता बघा, त्याच काळातली, तसल्याच दारुड्या नवऱ्याची बायको, ती नवऱ्याला तोंडावर सुनावते. तिला हसायला ठेवलंय आणि हिला पुजायला.

पिटातला म्हातारा
गीतेचा मुद्दा बिनतोड आहे. त्यावर मला उत्तर नाही.

बुधवारची बैठक
मी सहा वर्षं व्यसनमुक्तीच्या गटात बसतोय, म्हणून थोडं वेगळं सांगतो. नवीन आलेला माणूस सुधाकरचंच भाषण करतो. साहेब चारचौघांत बोलला, भावाने जमिनीत फसवलं. मीही करायचो. माझा मुनसफ म्हणजे माझा सासरा. विंगेतले, तुमचा सिद्धांत आम्हाला फार आवडेल, कारण त्यात आमची काही चूकच राहत नाही.

नाटकातल्या भगीरथाचं नाव इथे कुणीच कसं घेतलं नाही? तोही प्रेमभंगाच्या दुःखात प्यायला लागतो. दुःख काही कमी नसतं त्याचं. पण त्याला सुधाकरचा मित्र रामलाल भेटतो आणि तो सुटतो. सुधाकरने पहिला प्याला घेतला तेव्हा हाच रामलाल विलायतेला, आणि शेजारी तळीराम.

आता तुमची तालीम. माणूस थांबतो हो. मी थांबलो होतो. ग्लासातला बर्फ हलत होता ते अजून आठवतं. बायको अजिबात मनात नव्हती. नाही म्हटलं तर समोरचा हसेल, एवढंच डोक्यात होतं. तुमच्या मुलाला सिंधूकडे बघू देऊ नका. तळीरामाकडे बघू दे.

विंगेतला
हे वाचून दोनदा काहीतरी लिहिलं आणि पुसलं. रामलाल नसणं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. अपमानाचा मुद्दा मी सोडत नाही, 'समोरचा हसेल' हाही मानच की. पण 'तो थांबत नाही' हे मागे घेतो.

कडूकारलं
म्हणजे दारू निमित्तमात्र हेही मागे?

विंगेतला
ते नाही.

कडूकारलं
वाटलंच.

विंगेतला
कालची तालीम: तीन सेकंद, नजर तळीरामावर. तळीराम करणारा आमच्या मंडळातला सगळ्यात विनोदी मुलगा, एरवी त्या जागी हशा घेतो. काल तो नुसता बघत राहिला आणि सुधाकरने घाईघाईत प्याला संपवला. आत कोरा चहा होता, गरम, जीभ भाजली त्याची. दिग्दर्शकाला अजून सिंधूकडचीच नजर हवी आहे. गुरुवारी पुन्हा भांडणार.