‘कॉम्प्लेक्स मोलिब्डेट’ला मराठीत काय म्हणायचं?

जळगावहून लिहितोय. भाची एमेस्सीला आहे, तिला मराठीत सेमिनार द्यायचाय आणि तिनं नाव ठेवलंय ‘जटिल मोलिब्डेट संयुगांचे संश्लेषण व स्फटिकरचना’. बाकी ठीक वाटतं पण तो ‘जटिल’ मला खटकतो, ऐकणाऱ्याला वाटेल काहीतरी गुंतागुंतीचं प्रकरण आहे. दुसरा शब्द आहे का?

—

भो, खटकतोय ते बरोबरच खटकतोय. केमिस्ट्रीत जटिल म्हटलं की मधे एक धातू आणि त्याला चिकटलेले अमोनिया वगैरेंचे रेणू असं चित्र डोळ्यासमोर येतं, मोरचुदाच्या पाण्यात अमोनिया ओतला की जो गडद निळा रंग येतो ना, ते. इथं तसं काही नाहीये. इथं मोलिब्डेट एकच, पण त्याच्या जोडीला धातू दोन किंवा तीन आहेत, एवढंच. आपल्या घरातली तुरटी घ्या, पोटॅशियम आणि अॅल्युमिनियम दोघांचं मिळून सल्फेट, तिला दुहेरी क्षारच म्हणतात ना? मग सरळ ‘दुहेरी मोलिब्डेट’, ‘तिहेरी मोलिब्डेट’ म्हणा. आकडा सांगितला की माणसाला लगेच कळतं.

—

पण जटिल रूढ आहे, उगाच कशाला बदलायचा? आणि मुळात मोलिब्डेट म्हणजे काय ते तरी सांगा कोणी, मी शेतकरी माणूस, माती परीक्षणात हा शब्द ऐकलाय फक्त.

—

दादा, तुम्ही ऐकलाय तोच हा. मातीतला स्फुरद (फॉस्फरस) मोजताना अमोनियम मोलिब्डेट घालतात, द्रावण निळं होतं, जितका स्फुरद जास्त तितकं जास्त निळं. मोलिब्डेनम धातूच्या एका अणूभोवती ऑक्सिजनचे चार अणू, चार कोपऱ्यांवर, असा साधा मोलिब्डेट. (अमोनियमवाल्यात सात मोलिब्डेनम एकत्र असतात, ते सोडा.) नाव आलंय ग्रीक ‘मोलिब्डोस’वरून म्हणजे शिसं, कारण त्याचं खनिज शिशाच्या खनिजासारखं दिसायचं आणि लोक गल्लत करायचे, १७७८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी ते वेगळं आहे हे दाखवलं.

आणि रूढ आहे म्हणून ठेवा हे मला पटत नाही कारण इथं शब्दानं अर्थच बदलतो. हिशोब बघा, कॅल्शियम मोलिब्डेट घ्या. त्यातले दोन कॅल्शियम काढले तर दोन अधिक दोन म्हणजे चार धन विद्युतभार गेला, तिथं एक सोडियम (भार एक) आणि एक गॅडोलिनियम नावाचा धातू (भार तीन) बसवला की भार पुन्हा चार, आणि बांधणी तीच राहते, ऑक्सिजनचे चतुष्फलक (तेच चार कोपऱ्यांचे आकार) जिथल्या तिथं. झालं दुहेरी मोलिब्डेट! यात जटिल काय आहे, अदलाबदल आहे.

हे कॅल्शियम मोलिब्डेट म्हणजे पॉवेलाइट, आणि ते आपल्या दख्खनच्या काळ्या दगडातच सापडतं, नाशिकजवळच्या पांडवलेणीच्या डोंगरातले नमुने नावाजलेले आहेत, अतिनील दिव्याखाली पिवळं चमकतं. आपल्याकडे असं काही निघालं की लोक सरसकट ‘दगडमा गारगोटी निंघनी’ म्हणतात, मला हा शब्द फार आवडतो, पण सेमिनारमध्ये स्फटिकच ठेवावा कारण गारगोटीत फक्त चकाकणारा दगड येतो, आतली अणूंची ओळीत मांडणी येत नाही.

—

मूळ प्रश्नवाला. पटलं. आता ‘संश्लेषण’?

—

ठेवा, विश्लेषणाच्या उलट म्हणून ऐकणाऱ्याला पकडता येतो. पण खाली जिथं कृती लिहिलीय तिथं ‘भाजणं’ म्हणायला लाजू नका. अकीकाच्या खलात पावडरी एकजीव घोटायच्या, मुशीत घालून भट्टीत भाजायच्या, काढून परत घोटायच्या, परत भाजायच्या, हेच तर करतात. भाचीला एवढं सांगा की पहिल्यांदा ५०० अंशांच्या आसपासच भाजायचं असं का ते एका ओळीत लिही, त्या पावडरींतलं मोलिब्डेनम ट्रायऑक्साइड ७९५ अंशांना वितळतं आणि त्याच्या आधीच वाफ होऊन उडायला लागतं, मग प्रमाण बिघडतं. म्हणून तापमान हळूहळू चढवतात.

—

तिला वाचून दाखवलं, ती म्हणते मामा, मग ‘दुहेरी आणि तिहेरी मोलिब्डेट : संश्लेषण व स्फटिकांची बांधणी’ असं करते. रचनेऐवजी बांधणी तिनंच सुचवलं.